सतराव्या अटीचे नाना

नव्या घराच्या करारनाम्यावर सही करायची आणि तो कपाटात टाकून विसरून जायचं, एवढं आमच्या जळगावात कुणालाही सांगावं लागत नाही. तो शब्दन् शब्द पाळणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका आमच्याच ओळीत, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. त्यांना सगळी वसाहत नाना म्हणते. नाना मूळचे रावेरकडचे. आयुष्यभर त्यांनी केळीच्या बागांचे सौदे जुळवले. बागेतून एक फेरी मारायची, चार घडांवर हात फिरवायचा, शेतकऱ्याशी बोलायचं, व्यापाऱ्याला कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक बांधावर हजर. यात कागद कुठेच नाही. जे काय ते तोंडाने. पहिल्यांदा मोठ्या कागदावर सही केली ती सत्तरी ओलांडल्यावर, शहराबाहेरच्या आमच्या या वसाहतीत रो-हाऊस घेताना, आणि मग त्या कागदावर त्यांचा असा काही जीव जडला की तो त्यांनी देवघरातच ठेवला.

माझं वाढणं पत्रकांवर झालेलं. बाबा कामगार संघटनेत होते, आमच्याकडे रद्दीसुद्धा मागण्यांची असायची. त्यामुळे घराचा ताबा मिळाल्यावर इतर लोक पडद्यांची मापं घेत होते तेव्हा मी करारनामा वाचत बसले होते. एकेचाळीस अटी! दर्शनी भिंतीचा रंग बदलायचा नाही. पुढच्या बाजूस कपडे वाळत घालायचे नाहीत. अंगणात बाज, खुर्ची कायम ठेवायची नाही. उघड्यावर जाळ करायचा नाही. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला हात लावायचा नाही, खिळासुद्धा नाही, ही सतरावी. घर आपलं, कर्ज आपलं, आणि भिंत मात्र बिल्डरच्या कंपनीची! मी चौदा पानांचं पत्रक लिहिलं, ‘हे घर कुणाचं?’ म्हणून. घरोघरी वाटलं, सभा घेतली. सगळ्यांनी ‘अगदी बरोबर आहे ताई’ म्हणून माना डोलावल्या आणि घरी जाऊन गपचूप मनाई असलेल्या जाळ्या बसवल्या. एकाने तर दर्शनी भिंत गुलाबी केली. ज्यांनी अटी मोडल्या त्यांच्याशी काय बोलायचं हे मला ठाऊक होतं. जो पाळतो त्याचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच पत्रकात दिलेलं नव्हतं.

नानांचं पाळणंही साधं नव्हतं. बाज कायम ठेवायची नाही ना, मग ते चहा प्यायला उठले तरी बाज उचलून आत नेणार आणि चहा पिऊन पुन्हा बाहेर आणणार. दिवसातून दहा-बारा वेळा ही मिरवणूक निघायची. कपडे पुढे वाळत घालायचे नाहीत, आणि ऊन तर पुढेच येतं. म्हणून आंघोळ झाली की पिळलेलं धोतर नेसून नाना फाटकापाशी उन्हात उभे राहायचे. मी म्हटलं, “नाना, सर्दी होईल.” तर म्हणाले, “मी काही धोतर वायत नाही घातलं पोरी. मी उभा हाये.” खिळ्याची गंमत तर विचारूच नका. त्यांच्या बैठकीची एक भिंत सामाईक, दुसरीला खिडकी, उरलेल्या दोन्हींत दारं. त्यामुळे कॅलेंडर, देवांच्या तसबिरी, गेलेल्या बायकोचा फोटो, सगळं भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ओळीने मांडलेलं. तारीख बघायची तर पाहुण्याने उकिडवं बसायचं. एकदा त्यांचा एक जुना व्यापारी मित्र आला, तो वाकून वाकून नमस्कार करत पुढे गेला आणि सवयीने कॅलेंडरलाही हात जोडून आला.

थंडीत भरिताच्या वांग्यांचे दिवस आले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजल्याशिवाय रावेरच्या माणसाचा हिवाळा जात नाही. नानांनी करारनाम्याला जोडलेला नकाशा काढला, वसाहतीची हद्द पावलांनी मोजली, आणि हद्दीच्या भिंतीबाहेर, रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जाळ लावला. आम्ही चाळीस माणसं आपापलं अंगण सोडून गाजरगवतात उभी राहून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खात होतो. गुलाबी भिंतीवाला म्हणाला, “नाना, इथं कोण बघायला येतंय?” नाना वांग्याची साल काढता काढता म्हणाले, “सही मी पाहून केली होती ना. मंग अजून कोनी पाहाले काहाले पाहिजे?”

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्या सामाईक भिंतीच्या पलीकडे अक्का होत्या.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावातलं आपलं घर विकून त्यांनी नानांच्या शेजारचं हे घर घेतलं ते एकाच गोष्टीवर: नाना म्हणाले होते, मधल्या भिंतीत दार काढू. दोन घरं, एक चूल. गावाकडे भावाभावांची घरं अशीच असतात, आणि लागून घर म्हटलं की मधून दार असणारच, हे दोघांनीही गृहीत धरलेलं. तरी नानांनी बुकिंगच्या वेळी बिल्डरला विचारलं होतं. बिल्डर चहाचा कप पुढे करत म्हणाला होता, “नाना, घर तुमचंच आहे. होऊन जाईल.” नानांच्या लेखी तिथेच सौदा झाला. दार झालं नाही. अक्कांचा एक गुडघा वाकत नाही. स्वयंपाक त्याच करणार, कारण नानांच्या हातचं मांजरही खात नाही, आणि नाना येतो म्हणाले तरी ताटही त्याच नेऊन देणार. म्हणजे रोज दोन वेळा, हातात ताट घेऊन, आपल्या चार पायऱ्या उतरायच्या, फाटकातून रस्त्यावर यायचं, शेजारच्या फाटकातून आत जायचं आणि नानांच्या चार पायऱ्या चढायच्या. मध्ये विटेची एक भिंत. दिवसभर दोघं ती भिंत वाजवून बोलायची. अक्कांनी लाटणं दोनदा आपटलं की नानांनी समजायचं, भाजी झाली.

मी वर्षभर नानांच्या मागे लागले होते. भिंत पाडा, मी गवंडी आणते. नाहीतर नोटीस पाठवा, मी लिहून देते. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका. ही अटच अन्यायाची आहे. नाना शांतपणे म्हणायचे, “अट नाही मोडायची. अन् त्यानं शबद देला हाये. तो करीन.” त्यासाठी ते दर सोमवारी बिल्डरच्या ऑफिसात जायचे. बाजारात जावं तसे टोपी घालून. मला वाटायचं, म्हातारा तिथे जाऊन दाराचा तगादा लावत असेल. एका सोमवारी माझंही काम होतं म्हणून मी बरोबर गेले. बिल्डर नव्हताच, मॅनेजर होते. नाना बसले. मॅनेजरच्या आईची तब्येत विचारली. चोपड्याकडे केळीला काय भाव चालू आहे ते सांगितलं. चहा घेतला. “येतो बापा,” म्हणून उठले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “आणि दार?”

“त्याचं काय?”

“तुम्ही काहीच बोलला नाहीत!”

“बोलनं तवाच झालं. मी सोमवारी जातो, त्याच्या मानसाले दिसतो. त्याले आठवन राहते.”

“नाना, सतराव्या अटीत लिहिलंय, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नये. तुम्ही अर्ज केलाय का?”

नाना रस्त्यातच थांबले. “मी त्याले लिवून मागू? मानसानं तोंडानं हो म्हनलं, अन् आपन त्याच्यापाशी कागद मागायचा? म्हंजे त्याले ‘तू खोटा’ म्हननंच झालं.”

मी कपाळाला हात लावला. वर्षभर! एका ओळीचा अर्ज नाही! पण घरी जाईपर्यंत मीही वरमले होते. कारण त्या अटीवर मी चौदा पानं लिहिली होती, आणि त्यातल्या ‘लेखी संमतीशिवाय’ या दोन शब्दांवरून मी दर वेळी संतापाने पुढे निघून गेले होते. अर्ज मलाही सुचला नव्हता.

त्यानंतर आठवड्याभरातच अक्का पडल्या. भर दुपारी, नानांच्या तिसऱ्या पायरीवर. वरणाची वाटी खाली रस्त्यापर्यंत घरंगळत गेली. मनगट मोडलं. हात प्लास्टरात घालून आणल्यावर अक्कांनी मला हाक मारली, म्हणाल्या, “माय, तो अर्ज का काय म्हनतात, तो लिव. माह्या नावानं.” नाना दारातच उभे होते. म्हणाले, “अक्का, त्यानं शबद देला हाये.”

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “तुले देला असंन. मले कुठं देला त्यानं? मले तू देलता.”

मी अर्ज लिहिला. चार ओळी. अक्कांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. पुढच्या सोमवारी मी अर्ज घेऊन निघाले, तर नाना टोपी घालून फाटकाशी उभे. त्या दिवशी बिल्डर स्वतः ऑफिसात होता. त्याने अर्ज वाचला, इंजिनिअरला फोन लावला, भिंतीवर छताचा भार नाही ना, हे विचारून घेतलं आणि म्हणाला, “एवढंच ना? आधी का नाही दिला अर्ज? देऊन टाकू परवानगी.” मग नानांकडे वळून हसत म्हणाला, “काका, आपली ओळख?”

नानांनी टोपी काढली, हातात घेतली. “तुम्ही म्हनले होते... होऊन जाईन.”

“म्हटलं असेल,” तो म्हणाला. “दिवसाला इतके लोक येतात.”

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं होतं. नानांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं.

दार झालं. गवंड्याने तीन दिवसांत चौकट बसवली. अक्का पहिल्यांदा त्यातून आल्या तेव्हा प्लास्टरच्या हाताने चौकटीला कुंकू लावलं आणि नानांच्या ओट्यावरचा पसारा पाहून त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. आता दोन घरं, एक चूल. सोमवारी नाना कुठे जात नाहीत.

परवा शनिवारी अक्कांनी मला जेवायला बोलावलं. “उद्या दुपारी येते,” मी दारातूनच म्हटलं. नानांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

“लिवून दे.”

मी हसले. नाना हसले नाहीत. स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या, “अरे, पोरगी येते म्हनते नं!”

“म्हनते ते आयकलं मी,” नाना म्हणाले.

सगळं लेखी घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका, हे मी या माणसाला वर्षभर घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते. माझ्या पिशवीत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातल्या एकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, ‘उद्या दुपारी बारा वाजता जेवायला येते,’ आणि खाली सही केली. नानांनी ते चष्मा लावून वाचलं, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी साडेअकरालाच जाऊन बसले.