सुभेदारांच्या खिडकीचा पडदा

"काढ तुझा पडदा! आंधळा हाय त्यो. उद्या खिडकीला पत्राच ठोकतो."

सुभेदार ओट्यावर उभे राहून गरजत होते. माझा चिकाच्या पडद्यांचा धंदा सांगलीत. महिन्यापूर्वी मीच इस्लामपूरजवळच्या ह्या घरी पडदा बसवून गेलो होतो. आता तक्रार आली म्हणून धावलो.

चिक म्हणजे बांबूच्या बारीक काड्या दोऱ्यात विणून केलेला, गुंडाळता येणारा पडदा. बाहेरची बाजू फिकी ठेवतो, आतली काळपट रंगवतो. दिवसा आतल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. करामत एवढीच. सुभेदारांच्या घरी गोशा होता. बाईसाहेब परक्या पुरुषासमोर येत नसत, ओट्यावरही नाही. त्यांना गाव दिसायचं ते ह्या एकाच खिडकीतून.

पडदा पाहिला आणि माझं डोकंच सरकलं. आतल्या बाजूला चुना फासलेला!

"हे कुणी केलं?"

"मी. पलटणीत चुना मारल्याबिगर इन्स्पेक्शन पास हुतं व्हय रं?"

लढाई संपून ते नुकतेच पेन्शनीवर आले होते. अंगणातले दगड, पेरूचा बुंधा, गोठ्याची दावण, सगळं पांढरंफेक. म्हैस जागची हलली म्हणून वाचली असावी.

"साहेब, चुन्यानं फटी बुजल्या. पांढऱ्यावर उजेड पडून डोळे दिपतात, मग बाहेरचं दिसणार कसं? शिवाय चुना दोरा खातो. चिकाला कोरडा ब्रश पुरे."

"मला शिकवू नगंस. पत्राच!"

दारामागं बांगड्या वाजल्या. "मिस्त्रीदादा, त्यास्नी सांगा, पत्रा लागला तर मी म्हायेरला जाईन. कोंडायला मी काय कोंबडी हाय?"

नवरा हातभर अंतरावर! पण परक्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. मी निरोप सांगितला.

"तिला सांग, जा म्हणावं." आवाज मात्र दोन पट्ट्या खाली आला होता.

"तासभर द्या साहेब. नाही दिसलं तर पत्रा मीच ठोकतो."

काथ्याच्या ब्रशनं चुना खरवडला. ओल्या फडक्यानं पुसला, उन्हात वाळवला, काजळीचा हात दिला. टांगून आतून पाहिलं. समोरच हॉटेलाचं बाकडं आणि कढई. भजी कांद्याची की बटाट्याची, तेही कळत होतं!

"साहेब, लय झ्याक दिसतंय!"

सुभेदारांनी एरंडेल प्याल्यासारखं तोंड केलं. मी ओट्यावर आलो, बाईसाहेब खिडकीशी बसल्या. थोड्या वेळानं पडद्यामागून आवाज आला.

"मिस्त्रीदादा, त्यास्नी सांगा, चुना मारला त्याच्या आदल्या दिशी त्या बाकड्यावर दोन बशा भजी खाताना मी त्यास्नी बघितलंय. डाक्तरनं तेलकट बंद केलंया. खोकून खोकून छाती फुटायची पाळी येती त्येंची, माजा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

अस्सं! इन्स्पेक्शन वगैरे सगळ्या थापा होत्या तर. मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

निघालो तसे सुभेदार वेशीपर्यंत सोबत आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "गड्या, हाटेलापुरताच आंधळा करता येतो का रं?"

"न्हाई साहेब. भजी सोडा."

पत्रा लागला नाही. भजी सुटली की नाही, देव जाणे. तेव्हापासून मी मात्र खिडकीचं माप घेण्याआधी समोर काय आहे ते बघतो, आणि मालकाला बाजूला घेऊन विचारतो, "दुपारचं कुठं बसता?"