दहा गाड्या होईपर्यंत

मिलिंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात मार्कर होता. मंगळवारची सकाळ. ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर मी आठवड्याची कामं लिहीत होते आणि नुकतंच लिहिलं होतं, ‘गुरुवार – मिलिंद – पुढच्या आठवड्यात’. फोनवर त्याचा मेव्हणा होता. नालवाडीतल्या घरी चहा घेता घेता दादा कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी “बरं” म्हटलं. माणूस गेल्याचं ऐकून बरं म्हणणारी बाई मी. पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमची कंपनी म्हणजे वर्ध्यात एका मेडिकलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर बसणारी सात माणसं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांच्या वजनकाट्यांवर चालणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कापसाची गाडी फाटकात आली की तिला टोकन द्यायचं, नंबर आला की वजन, मग पावती. मी पुण्यात नोकरी करून परत आलेली, म्हणून टीमची प्रमुख. मिलिंददादा माझ्याच टीममधला, पण माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाप हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हमाल, दादा स्वतः काही वर्षं काट्यावर ऑपरेटर होता आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर, गाड्या नसतील तेव्हा, प्रोग्रामिंग शिकला. चारचौघांत तो मला ‘मॅडम’ म्हणायचा आणि चिडला की ‘बाई’.

सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला की नवं व्हर्जन आम्ही शनिवारी सकाळी सगळ्या काट्यांवर एकदमच टाकायचो. ज्याचा बदल असेल त्याने तर्री-पोहे आणायचे, सगळ्यांनी खायचे, मग बटण दाबायचं. हा रिवाज मीच पाडला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. एकदा टाकलं की डोक्याला ताप नाही, असं माझं म्हणणं. दादा बशीतला रस्सा संपवत म्हणायचा, “पोहे पचत नाई तं फोन सुरू होते, मॅडम.” आम्ही हसायचो.

गेल्या हंगामात एका शनिवारी पोहे पचले नाहीत. नव्या व्हर्जनने सकाळपासून दिलेली टोकनं रद्द धरली आणि मोजणी एकपासून सुरू केली. हिंगणघाटच्या काट्यावर पहाटेपासून उभे असलेले लोक रांगेच्या शेवटी गेले आणि आत्ता आलेले पुढे. जुनं व्हर्जन परत टाकावं तर ते आम्ही सगळ्या मशिनींवरून पुसून टाकलेलं. कचरा नको म्हणून पुसायचं, हाही नियम माझाच. मी ऑफिसात कीबोर्ड बडवत बसले आणि दादा एसटीने हिंगणघाटला गेला. दिवसभर त्याने एकेका गाडीच्या फळीवर खडूने नंबर लिहिले, शिव्या खाल्ल्या, दोघांची मारामारी सोडवली. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याची बोटं पांढरी होती. हात धुतले आणि घरी गेला.

त्यानंतर त्याने वहीत एक पद्धत आखली. नवं व्हर्जन आधी एकाच काट्यावर टाकायचं, आर्वीच्या. जुनं पुसायचं नाही, शेजारी तयार ठेवायचं. ज्याने टाकलं त्यानेच आर्वीला फोन लावायचा आणि दहा गाड्यांची वजनं होईपर्यंत फोन ठेवायचा नाही. सगळं ठीक असेल तरच पुढचे काटे. एवढंच त्याला गुरुवारच्या मीटिंगमध्ये टीमसमोर मांडायचं होतं.

“मले पंधराच मिन्टं पाह्यजेत, मॅडम.”

पहिल्यांदा मी हंगाम संपू द्या म्हटलं. दुसऱ्यांदा एक ग्राहक येणार होता. तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा मला कंटाळा आला होता, हे आता कबूल करते. आणि हेही, की ती पद्धत मांडली जाणं म्हणजे माझी चूक भिंतीवर दाखवली जाणं, असं मला वाटत होतं. दर वेळी तो म्हणायचा, “ठीक आहे, मॅडम.” चौथ्यांदा म्हणाला तो शेवटच्या सोमवारी, जिन्यात. डावा खांदा चोळत होता. मी विचारलं, बरं नाही का? त्यालाही त्याने “ठीक आहे”च म्हटलं आणि मी गाडीची किल्ली शोधत खाली उतरले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या घरी मांडवात जागा नव्हती. बुद्धवंदना झाल्यावर त्याच्या बायकोने, रत्नमालाताईंनी, मला आत बोलावलं आणि त्याची वही हातात दिली. “तुमच्यासाठीच लिहून राह्यले होते,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हंगाम नुकताच सुरू झाला होता. नवं व्हर्जन तयार होतं आणि रांगा पुन्हा लागू लागल्या होत्या. त्यानंतरच्या गुरुवारी मी वही घेऊन टीमसमोर उभी राहिले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग प्रिया, आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, हिने साधा प्रश्न विचारला, “पण दहाच गाड्या काऊन, मॅडम? पाच काऊन नाई?” मी वही चाळली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला मी चार वेळा परत पाठवलं होतं. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा वाढवला. मला त्या खोलीतून पळून जायचं होतं, नोकरी सोडायची होती, काहीही करून तो सोमवारचा जिना परत हवा होता. माणसाला परतीचं व्हर्जन नसतं वगैरे वाक्यं मला कृपा करून कोणी ऐकवू नका. दोन जणांनी ऐकवली आहेत.

शनिवारी पोहे कोणी आणले नाहीत. मी दादाच्या टेबलाशी बसले, नवं व्हर्जन फक्त आर्वीच्या काट्यावर टाकलं आणि फोन लावला. तिथे शोभाताई ऑपरेटर आहेत. मी नाव सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, “मले माहीत आहे, मॅडम. दादानं सांगतलं होतं. म्हणे, मी सुट्टीवर असलो तं मॅडम फोन करतीन. त्याईले घाई राहते, तू घाई करजो नोको.”

“तुम्हाला कधी सांगितलं?”

“उन्हाळ्यात आलते ना. साऱ्याच काट्यावर जाऊन आले ते. ऑफिसात टाइम भेटून नाई राह्यला म्हणे, तं तुमालेच सांगतो.”

पलीकडे गाडी काट्यावर चढल्याचा आवाज आला. मी विचारलं, “ताई, दहाच गाड्या का?”

शोभाताई हसल्या. “आमचीच गोष्ट आहे ते. सायब लोकाईचा फोन आला का आमी ठीक आहेच म्हणतो. भेव वाटते ना, आपलंच चुकलं म्हणतीन. दादा बी काट्यावर असताना असाच म्हणे. पाच-सहा गाड्या होयेपर्यंत फोन ठेवला नाई, तवा कुठी माणूस खरं बोलते.”

मी फोन स्पीकरवर टाकून दादाच्या टेबलावर उताणा ठेवला. दुसरी गाडी, ठीक आहे. तिसरी, ठीक आहे. चौथी, पाचवी... सगळी टीम भोवती येऊन उभी राहिली होती. सातव्या गाडीला शोभाताई जरा थांबल्या. “मॅडम, खरं सांगू का? रागावसान नाई ना? दोन गाड्याईले एकच टोकन भेटून राह्यलं.”

प्रियाने जुनं व्हर्जन परत टाकलं. हिंगणघाटच्या रांगेला त्या दिवशी कशाचा पत्ताही लागला नाही. पद्धत आता सुरू आहे, पुढेही राहील.

फळ्यावरची ती ओळ मी पुसलेली नाही. रोज सकाळी तिच्या आजूबाजूला कामं लिहिते. ‘मिलिंद – पुढच्या आठवड्यात’. चार वेळा तो मला “ठीक आहे” म्हणाला आणि चारही वेळा मी फोन ठेवून दिला.