काचेच्या डोक्याचा पंप

तात्या गाड्यांच्या सीटा शिवायचा, पण घरात शिवणाचं सामान सोडून बाकी सगळं होतं. ऑइलच्या जुन्या डब्यांची फळीवर रांग, पलंगाखाली पितळी भोंगे, आणि संडासाच्या दारावर एक पत्र्याची पाटी : 'येथे हवा मोफत मिळेल.' पाहुणे ती वाचून आत जात आणि आतूनच हसत. "लोकांचे नवरे घरी सोनं आणतात, आमचे हे गंज आणतात," असं बायको म्हणे. पण पाटीवरची धूळ रोज तीच पुसायची.

पुलापलीकडचा जुना पेट्रोल पंप मोडायला काढला होता. तिथल्या मागच्या खोलीत एक हातपंप उभा होता. पुरुषभर उंच, डोक्यावर जाड काचेचं नळकांडं. दांडा मारला की पेट्रोल काचेत चढायचं, गिऱ्हाइकाने माप डोळ्यांनी बघायचं, मग ते गाडीत उतरायचं. त्या पंपासाठी तात्या कित्येक वर्षं मालकीणबाईंच्या मागे लागला होता आणि बाई दर वेळी म्हणत, "बघू."

आज बाईंचा फोन आला. "तात्या, उद्या भंगारवाला येतोय. त्याआधी या आणि घेऊन जा तुमचा पंप. भेट समजा."

सीट अर्धी उसवलेली तशीच टाकून, गळ्यातली टेपसुद्धा न काढता तात्या मेहुण्याच्या टेम्पोत चढला.

"दाजी, माझ्या बहिणीच्या लग्नातसुद्धा इतकी घाई नव्हती तुम्हाला!"

"ती कुठं भंगारात जाणार होती? दाब रे पाय!"

बाई मागच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. हाताला रंग, कपाळाला रंग, आणि चेहरा नुसता फुललेला. "बघा हं," म्हणत त्यांनी दारावर टांगलेलं कापड बाजूला ओढलं.

पंप लालभडक झाला होता. वरपासून खालपर्यंत ताजा ऑइलपेंट!

"म्हटलं, भेट द्यायची तर मळकी कशी द्यायची? सकाळपासून एकटी लागलेय."

तात्याला हवा होता तो मळकाच. झिजलेला पिवळा रंग, पोटावरची हाताने रंगवलेली अक्षरं, सगळं त्या लालीखाली गाडलं गेलं होतं. त्याने हळूच बोट टेकवलं. बोट लाल झालं. ओला होता! आत्ता पुसला तर खालचा वाचणार होता, वाळला की संपलं. पण बोलावं कसं? बाई कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होत्या. मेहुणा तर छताकडे बघत गाल चावत होता.

"बाई," तात्या एका दमात बोलून गेला, "रागवा, हाकला, पण आधी रॉकेल द्या. मला हा जुन्या तोंडाचाच पाहिजे!"

बाईंचा चेहरा पडला. मग चढला. "अहो, मग आधी बोलायला तोंड शिवलं होतं का तुमचं?" असं म्हणत त्यांनीच चिंधी उचलली.

तिघंही तुटून पडले. लाल ओघळला, पिवळा वर आला, आणि बाईंच्या चिंधीखाली अक्षरं उमटली : 'माप आपल्या डोळ्यांनी पाहा.' बाई थबकल्या.

"हे बाबांचं अक्षर," त्या म्हणाल्या. "मीच पुसायला निघाले होते की!"

"गेला दाजी पंप," मेहुणा कानाशी पुटपुटला. तात्यालाही तेच वाटत होतं. बापाचं अक्षर कोण देऊन टाकेल?

"हा अजून चालतो का?" बाईंनी विचारलं.

तात्याने चामड्याच्या वॉशरला तेल पाजलं आणि नळी पाण्याच्या बादलीत सोडली. दांड्याला बाईंनी स्वतः हात घातला. आधी नुसतीच हवा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी. मग बुडबुडा आला, आणि पाणी काचेत सरसर चढायला लागलं!

"चढलं! तात्या, चढलं हो!" बाई ओरडल्या. तात्याही ओरडला. मेहुण्याने तर शिट्टी मारली.

धाप लागलेल्या बाईंनी दांडा सोडला. "मोडक्या खोलीत ठेवून करू काय? न्या. पण आडवा घालून न्यायचा नाही. उभा न्या, लोकांना वाचता आलं पाहिजे."

मेहुण्याने दोर आवळले. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा पंपाला मिठी मारून, अंगभर लाल झालेला तात्या मागे उभा होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या माणसाने मान बाहेर काढली.

"काय हो हे?"

"वाचा, वाचा!" तात्या ओरडला. "मोठ्याने वाचा!"