दादाचं नवं नाक

दादा गेल्याची तार कुडाळला माझ्या सासरी आली, तेव्हा मी आधी पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. माझा स्वभावच तसा, सहजासहजी कशावर विश्वास बसत नाही. मिठबावला माहेरी पोचले, ओटीवर निजवलेला दादा पाहिला, तेव्हा कुठे रडू फुटलं. त्याला आता महिना होऊन गेला, मी अजून माहेरीच आहे...

गावच्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे. जत्रेत देवीसमोर उभं राहून गावाचं सुखदुःख तिच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमचा दादा, म्हणजे गावाचा बाबलो, ते काम जीव ओतून करायचा. बावन-त्रेपन्न साली गलबतावर शिडाचा दोर तुटला, लोखंडी कडी तोंडावर बसली आणि त्याचं नाक जवळजवळ सगळं गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाची कातडी सोडवून, भुवईपाशी तशीच जोडलेली ठेवून, खाली वळवली आणि तिचंच नाक घडवलं. मी भेटायला गेले तर दोन्ही डोळ्यांच्या मधून मांसाची पट्टी उतरलेली! “हे जगेल?” मी विचारलं. डॉक्टर हसले. हसणाऱ्या डॉक्टरांवर माझा भरवसा नाही. पण मांस जगलं, आणि पुढे त्यांनी ती जोडणी कापून टाकली.

दादा घरी आला आणि कुजबुज सुरू झाली. मुंबईत म्हणे मेलेल्याचं मांस लावतात. जत्रेआधी देवळात बैठक बसली. गावात शब्द चालायचा तो तात्यांचा. ते म्हणाले, “ह्या मड्याचा मास. देवीसमोर चलाचा नाय.”

“तात्यानू, माझाच आसा,” दादा म्हणाला.

तात्यांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि तुळशीच्या काडीने नाकाला टोचलं. “खंय लागला?”

“कपाळार.”

झालं! एकच गलका उठला. नाक याचं असतं तर नाकालाच लागलं नसतं का? दादा मान खाली घालून बसला. त्याच्याकडून मान गेला असता तर तो खचलाच असता. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण मला राहवेना. “तात्यानू, ती कपाळाचीच कातडी. ती आपली जुनी जागा सांगता! मड्याक कधी लागता काय?”

शेवटी देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. मी मात्र गुरवाच्या बोटांकडे बघत होते.

जत्रेत दादा उभा राहिला. आवाज गेंगाणा झालेला. पहिलं वाक्य संपलं... आणि जमाव गप्प. मग मागून तात्याच ओरडले, “व्हय म्हाराजा!” पाठोपाठ सगळं देऊळ. तात्या ओरडले ते देवीच्या भयाने की लोकलाजेने, हा संशय माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिला.

परवा तात्या काठी टेकत समाचाराला आले. “बाबलो गेलो गो. आता गाराणा कोण घालतलो?” एवढंच म्हणाले आणि त्यांना हुंदका आला. ते खरंच रडताहेत का, हे बघायला मी मान वर केली नाही.