बाबा मला उठवायचे

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात मिल बंद झाली त्या वर्षी मी दहावीत होते आणि आठशे मीटर धावत होते. बाबा सूतखात्यात, कायम तिसऱ्या पाळीला. वीस वर्षं रात्रभर जागलेल्या माणसाला आता रात्री झोप येईना. आमची एकच खोली. ते अंधारात भिंतीला टेकून बसायचे.

मग त्यांनी मला प्रॅक्टिससाठी उठवायचं काम स्वतःकडे घेतलं. आधी साडेपाचला, नंतर पाचला, शेवटी चारला.

"ऊठ बेटा, मैदान खाली असेल, कोणी नसेल."

माझे बूट नाड्या सैल करून दाराशी ठेवलेले असायचे. मी चालायची, मागून ते सायकल ढकलत यायचे. कोपऱ्यावर त्यांच्याच खात्यातले एक काका दुधासाठी निघालेले भेटत. "काय भिया, मिल बंद, पण तुमची ड्यूटी चालूच?" बाबा हसत. दिवसभरात ते तेवढंच हसायचे. म्हणून मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, अजून नक्की सांगता येत नाही.

अभ्यास संपवून झोपायला अकरा वाजायचे. वर्गात दुसऱ्या तासालाच डोळे मिटायचे. मैदानावर माझी वेळ सुधारायची सोडून वाढत चालली. आमच्या शाळेचे खेळाचे सर एकदा म्हणाले, "सोती कितना है तू?"

"आठ घंटे, सर."

"देख, तेरी उमर में बदन दौड़ने से नहीं, सोने से बनता है."

मी मान हलवली.

संभागाच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, निवड स्पर्धेतून पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या. राज्याचं प्रमाणपत्र असलं की कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळते, असं सर सांगायचे. आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आज मी गुणांवर कॉलेजात आले आहे, पण तेव्हा मला तो एकच रस्ता दिसत होता.

स्पर्धेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पहिल्या फेरीला मी दुसरी होते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पाय माझं ऐकत होते, पण उशिरा. पाचवी आले. रडू आलं नाही. शेवटच्या रेषेवर वाकून हात टेकले होते, तळहाताला तिचा चुना लागला होता, तो पुसत उभी राहिले.

सर आले, तेव्हा बाबाच आधी बोलले. "सरजी, मेहनतीत कमी नाही. रोज चारला उठवतो मी हिला. एक दिवस खाडा नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"और सोती कब है?"

"अकरा... कधी साडेअकरा," बाबा म्हणाले, आणि तिथेच थांबले.

"दादा, बच्ची को सोने दो," सर हळूच म्हणाले आणि पुढच्या शर्यतीकडे गेले.

घरी येताना मी सायकलवर मागे बसले होते.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. सात वाजून गेले होते. बाबा दाराबाहेरच्या ओट्यावर पाठमोरे बसले होते.

"बाबा, उठवलं नाही?"

"झोप," ते वळून न बघता म्हणाले.

माझी झोप पूर्ण झाली होती. तरी मी परत आडवी झाले आणि ते उठून कुठेतरी जाईपर्यंत डोळे मिटून राहिले.