गेमच्या दुकानातली वारस नोंद

मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि मी कॉम्प्युटरवर गेम खेळते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. शिवाजी पेठेत फुटबॉलच्या मॅचवरून चार-चार दिवस एकमेकांशी न बोलणारे पोक्त पुरुष आहेत, त्यांना कुणी हसत नाही. मी खेळले की मात्र, "बाईला काय उद्योग न्हाय व्हय?" उद्योग आहे. पेठेतच माझं अर्ज भरून द्यायचं केंद्र आहे. दाखले, उतारे, नावातले बदल, वारस नोंदी. दिवसभर लोकांचे कागद लावते. संध्याकाळी शटर ओढलं की वेळ माझा.

हा नाद लावला नवऱ्यानं. तो शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होता. लग्नानंतर वर्षभरात त्यानं जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि आम्ही दोन खुर्च्या टाकून बसू लागलो. तेव्हा गेम डिस्कवर मिळायचे. मी दुकानात गेले की दुकानदार विचारायचा, "पोरगं कितवीत हाय?" मलाच हवाय म्हटलं, की तो रंग भरायचा गेम काढून समोर ठेवायचा. त्याच्या तोंडावर तो फेकून मारावा असं मला प्रत्येक वेळी वाटलं. प्रत्येक वेळी नवरा बाहेर स्कूटरवर बसून हसत होता.

हळूहळू डिस्कची पेटी भरली. एका वर्षी ती पेटी आम्ही शिरोळला नणंदेकडं दिली, सुट्टीत तिच्याकडं भाचरं जमतात म्हणून. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तिच्या घरात शिरलं. माणसं, म्हशी वेळेवर बाहेर पडली, पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर नणंद ती घेऊन आली. डिस्कवर गाळ बसला होता म्हणून बिचारीनं एकेक डिस्क भांड्यांच्या घासणीनं लख्ख घासली होती. "बघा वहिनी, कशा चकाचक झाल्यात!" म्हणाली. एकही चालली नाही. मी तिला चहा दिला आणि चालतात म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं ऑनलाइन दुकानात खातं उघडलं. "आता कुठं बुडायचं न्हाय बघ," म्हणाला.

आणि खोटं कशाला बोलू, ते दुकान मला फार आवडलं. तिथं पोरगं कितवीत आहे असं कुणी विचारत नव्हतं. कॉम्प्युटर बिघडला, नवा घेतला, तरी पासवर्ड टाकला की सगळे गेम हजर. दिवाळीत सेल लागला की निम्म्याहून कमी किमतीत मिळायचे. आवडला नाही तर दोन तासांच्या आत परतही करता यायचा. कोल्हापुरात कुठल्या दुकानदारानं वापरलेली वस्तू तोंड वाकडं न करता परत घेतलीय, सांगा. दहा-बारा वर्षांत आमच्या त्या खात्यावर शंभरावर गेम जमले.

खातं अर्थात त्याच्या नावावर. लाइटचं मीटर त्याच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, त्यात हेही एक. दिवसातून चारदा लोकांना "बायकोचं नाव लावा की" म्हणून सांगणारी मी, स्वतःच्या घरात मला ते सुचलं नाही. याबद्दल मला इतर कुणापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

त्या शंभरांत आमचा खरा गेम एकच होता. नदीकाठी रिकामी जमीन मिळते आणि तिथं गाव वसवायचं: रस्ते, पाण्याची टाकी, शाळा, रेल्वे. एकच गाव आम्ही सहा वर्षं वाढवत होतो. रविवारी मटणाचं जेवण झालं की बसायचं. माउस त्याच्या हातात, अक्कल माझी, असं मी म्हणायची. तो उलटं म्हणायचा. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा घर रिकामं झालं, पण गावाची वस्ती वाढतच होती.

मग गेल्या वर्षी तो गेला. छातीत दुखतंय म्हणून कारखान्यातूनच दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी संपलं. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मला ते जमत नाही.

मला जमतं ते कागद. तेराव्यानंतर मी फाइल काढली. मृत्यूचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र, लेकीचं ना हरकत. बँक, घरफाळा, गॅस, मीटर, गाडी, एकेक नाव बदलून घेतलं. प्रत्येक ठिकाणी काउंटरपलीकडच्या माणसानं मान खाली घालून शिक्का मारला. यादीत शेवटी राहिलं ते गेमचं दुकान. मी त्यालाही रीतसर अर्ज केला. खातेदार मयत, मी कायदेशीर वारस, खात्यावर माझं नाव लावून मिळावं. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, शंभराच्या स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र जोडलं, सही केली, पाठवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खातं वैयक्तिक असल्यामुळं ते दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही, वारसांच्याही नाही. खातेदाराच्या निधनाची नोंद घेऊन खातं बंद करण्यात आलं आहे.

मी पासवर्ड टाकून पाहिला. उघडलं नाही. सहा वर्षांचं गाव पलीकडं राहिलं आणि मी अलीकडं. त्याच्या जाण्यानंतर मी लोकांसमोर रडले नव्हते. त्या दिवशी केंद्रात तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना रडले.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू कळवलंसच कशाला? पासवर्ड तुला माहीत होता. बाबांच्या नावानं आयुष्यभर खेळत बसली असतीस."

"माणूस गेला तर कळवायचं न्हाय?" मी विचारलं. "लपवून ठेवायचं? मी काय चोरी करत होते?"

आजही कुणी मला सांगतं की तू चुकलीस, भोळी ठरलीस. मी चुकले नाही. मेलेल्या माणसाला कागदावर जिवंत ठेवून त्याचं रेशन उचलणारे लोक मी रोज बघते, आणि त्यांचे अर्ज मी परत करते. खरं सांगणाऱ्याला दारातून हाकलायचं आणि गप्प बसणाऱ्याला आत खेळू द्यायचं, हा नियम ज्यानं लिहिला त्यानं लाजावं. मी लाजणार नाही.

मग मी ते करारपत्र वाचलं, जे सगळे न वाचता 'मान्य' करतात. माझा तर धंदाच कागद वाचायचा, तरी मीही वाचलं नव्हतं. बटणावर लिहिलेलं असतं 'खरेदी करा'. आतल्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्हाला फक्त खेळायची परवानगी दिली आहे. हे म्हणजे जमिनीचे पूर्ण पैसे घेऊन हातावर भाड्याची पावती ठेवण्यासारखं. एखाद्या एजंटानं इथं असं केलं असतं तर पेठेनं त्याला चौकात उभं करून जाब विचारला असता. मी पाच पत्रं लिहिली. पाचही वेळा तेच दुःख, तोच सहभाग, तेच वाक्य. फोन नंबर नाही, पत्ता नाही, काउंटर नाही. काउंटरच नाही म्हटल्यावर माणसानं भांडायचं कुठं?

लेक म्हणाली, हा गेम फुकट उतरवून देणाऱ्या जागा आहेत, देऊ का? नको म्हटलं. ज्याचे पैसे आम्ही मोजलेत ते मी चोरून का घेऊ? मग तिनंच दोन गोष्टी शोधल्या. एक म्हणजे गावाची फाइल आमच्याच कॉम्प्युटरवर होती. गेम त्यांचा, पण गाव आमच्या घरात. आणि दुसरं, असंही एक ऑनलाइन दुकान आहे, जिथं विकत घेतलेला गेम उतरवून आपल्याजवळ ठेवता येतो आणि नंतर कुणाला न विचारता चालवता येतो. तिथं मोजकेच गेम मिळतात, सेलही मोठे लागत नाहीत. आमचा तेवढा होता.

तिथं मी माझ्या नावानं, माझ्या नंबरावर खातं उघडलं. तोच गेम दुसऱ्यांदा विकत घेतला आणि हार्ड डिस्कवर उतरवला. त्या हार्ड डिस्कवर लेकीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ती घराच्या कागदांशेजारी ठेवलीय. तिला ती घ्यायला कुणाकडं दाखला पाठवावा लागणार नाही.

पहिल्यांदा गाव उघडलंच नाही. लेकीनं फोनवरून काहीतरी बदलायला लावलं, आणि उघडलं. जसं सोडलं होतं तसंच, थांबवलेलं. नदीवर अर्धा पूल.

त्या शेवटच्या रविवारी आम्ही त्याच पुलावरून भांडलो होतो. मला तो वरच्या अंगाला, बाजाराजवळ हवा होता. त्यानं हट्टानं खाली, स्मशानाकडच्या रस्त्याला घेतला. "तिकडनं कोण जातंय रे?" मी ओरडले होते. "जातील की," म्हणाला, आणि जेवायला उठला होता.

मी त्याचा पूल पूर्ण केला, चुकीच्या जागी असूनही. मग वरच्या अंगाला माझा बांधला. माझ्या पुलावरून गाड्या जास्त जातात. हे मी रोज संध्याकाळी शेजारच्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं सांगते, आणि उलट उत्तर येत नाही म्हणून अजून मोठ्यानं सांगते.