लाखेने मोहोरबंद केलेले बेअरिंग

मोटारसायकलीच्या दोन बेअरिंगांसंबंधी मी एकूण चार पत्रे लिहिली. पहिली तीन कंपनीला गेली; चौथे कोणाला गेले, ते शेवटी कबूल करतो.

ऐंशी सालच्या सुमारास मी भंडाऱ्यात राहत असे. कोंढ्याला भाचीचे लग्न चार दिवसांवर आले होते आणि मामा म्हणून एकटा मीच! मामाने हात धरून आणल्याखेरीज नवरी मांडवात यायची नाही. इकडे गाडी अशी थरथरे, की मागे बसलेल्या सौभाग्यवतींचे एकेक अक्षर सुटे होऊन कानी येई. (यात काही सोय होती, हे मी नाकबूल करीत नाही.)

रामाजी मिस्त्रींनी इंजिन खोलले. "साहेब, क्रँकचे दोन्ही बेअरिंग गेले. आता भारीतले टाका."

भारीतले मी नागपूरहून मागविले. पण जुने दोन वर्षांत झिजतातच कसे? कंपनीला लागोपाठ तीन पत्रे! पुरावा म्हणून जुने बेअरिंग घरी आणले आणि रॉकेलने धुऊन लखलखीत केले. क्रमांक टिपून घ्यावेत म्हणून नवेही खोक्यातून काढून टेबलावर मांडले. मग दोन शेजाऱ्यांना पंच नेमून जुने डब्यात घातले, वर 'जुने, निकामी' अशी चिठ्ठी डकवली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि लाखेची मोहोर केली. नवे खोक्यात भरून मिस्त्रींना नेऊन दिले.

मिस्त्रींनी एक बेअरिंग बोटावर फिरवले. "साहेब, हे तं खडखड करून राहिलं!"

"खोक्यावर काय छापले आहे?"

"नवीन."

"मग छापील मजकुरापेक्षा तुमचे बोट अधिक प्रमाण आहे काय?"

"नाही जी. मले काय, बसवतो!"

लग्नाच्या सकाळी निघालो. अर्ध्या वाटेतच आरसा निखळला, मग नंबरप्लेट!

"अवो, थांबवा! माये दात हालून राहिले!"

"थांबता येणार नाही. मुहूर्त आहे!"

"मंग मिस्त्रीचं काहून नाही ऐकलं?"

या प्रश्नावर मी वेग वाढविला.

पोहोचलो तेव्हा भटजी घसा खाकरत होते. धावत जाऊन भाचीचा हात धरला, तर माझा हात थांबेचना! तिच्या बांगड्या किणकिणू लागल्या.

"पाहा वो, मामाले किती गहिवरून आलं!" एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. ते ऐकून माझी बहीण हुंदके देऊ लागली आणि पाहता पाहता अर्धा मांडव रडू लागला. मग मलाही रडणेच सुरक्षित वाटले.

परतल्यावर चौथे पत्र, मिस्त्रींच्या नावे नोटीस, घेऊन तडक त्यांच्याकडे! त्यांनी ती शांतपणे वाचली.

"साहेब, आधी तो तुमचा सील केलेला डब्बा फोडा."

त्याच दोन पंचांसमक्ष मोहोर फोडली. आत कोरे करकरीत बेअरिंग! क्रमांक माझ्या टिपणाशी तंतोतंत जुळणारे, आणि वर माझ्याच अक्षरात, 'जुने, निकामी'.

"आता हे नोटीस कोणाले देता, साहेब?"

कायदा सर्वांना समान! ती मी रजिस्टरने माझ्याच पत्त्यावर पाठविली. मी घरी नव्हतो म्हणून पोचपावतीवर सही सौभाग्यवतींनी केली आणि खाली कोणी न विचारता शेरा मारला : 'सगळे आरोप मान्य.'